मोळी कशी उचलली ते बघून

गयावैनी करणी करत होती असं आमच्या गल्लीत अजून दोघंतिघं म्हणतात. एक जण तर माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिता पिता म्हणाला. मी त्याला कप खाली ठेवायला लावला आणि वाट दाखवली. तेव्हाच ठरवलं की हे लिहून काढायचं. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. अक्षर वाकडं येतं, ओळ उताराला लागते. पण जे बघितलं ते बघितलं. ज्याला पटत नाही त्यानं वाचू नये, माझं काही अडत नाही.

गयावैनी माझ्या चुलतभावाची बायको. आमची घरं भिंतीला भिंत लावून. गाव गंगाखेडपासून कोसभर, गोदावरीच्या अंगाला; आम्ही तिला गंगाच म्हणतो. तिनं पन्नासेक साल ऊस तोडला आणि मी त्याच टोळीत बैलगाडी हाकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून ट्रकात टाकते. भाऊ लवकर गेला. त्यानंतर वैनी एकटी अर्धा कोयता म्हणून गेली आणि काम पुऱ्या कोयत्याचं केलं. मुकादमालाही ते माहीत होतं, पण तो ते तोंडानं कधी बोलला नाही.

दिसायला ती काही विशेष नव्हती. बुटकी, काळीसावळी, पुढचे दोन दात पडलेले. पण मान बघावी तिची. डोक्यावर काही नसलं तरी वाटायचं की काहीतरी आहे आणि ते सांडू द्यायचं नाही. माणसाची पारखसुद्धा ती मानेवरूनच करायची. भगवानला, म्हणजे तिच्या पोराला, मुलगी बघायला गेलो होतो. पोरगी पोहे घेऊन आली, सगळ्यांनी तोंड बघितलं. वैनी उठून तिच्या मागं जाऊन उभी राहिली. परत येताना मी विचारलं तर म्हणाली, तोंड तर समदेच धुऊन येतात, मान सांगती. ती सून तिला चांगली निघाली, हे मान्य करावं लागतं.

तिच्या जिद्दीची एकच गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका साली लांबच्या मुलखातल्या उसाच्या फडात सकाळी दव पडून ट्रकाची फळी ओली झाली होती, आणि मधोमध तिला चीर गेली होती. ट्रक भरायची घाई. मुकादम म्हणाला चढा, आणि बाया चढायला लागल्या. वैनीची पाळी आली. तिनं मोळी डोक्यावर तशीच ठेवून एक पाय फळीवर दाबून बघितला आणि मागं घेतला. मोळी खाली टाकली, ती ट्रकाच्या पुढच्या चाकापाशी ओढली, आणि तिच्यावर बसली. मुकादमानं आईबहीण काढली. टोळीतून काढीन म्हणाला.

"काढ की," वैनी म्हणाली. "पण आदी फळी काढ."

बाकीच्या बाया एकेक करून तिच्या शेजारी मोळ्या टाकून बसल्या. ऊन वर आलं तेव्हा दुसरी फळी आली. मी तिथंच गाडीवर बसलेलो होतो. मी तोंडातून शब्द काढला नाही. लिहायचं तर तेही लिहिलं पाहिजे.

पुढं गुडघे गेले आणि वैनीची तोडणी थांबली. दसऱ्यानंतर आमचं गाव रिकामं होतं. हातपाय धड असलेला जो तो फडावर जातो, मागं म्हातारे आणि शाळेची लेकरं राहतात. त्या रिकाम्या गावात ती आणि भगवानची कॉलेज झालेली पोरगी पूजा, दोघीच घरात. वैनीला रिकामं बसणं जमत नव्हतं. अंगण दिवसातून तीनदा झाडायची. चौथ्यांदा माझं झाडायची आणि वर मलाच बोलायची.

अशात एका संक्रांतीला तिच्या लेकीची लेक आली, शीतल. ती पुण्यात पुस्तकं आणि भेटवस्तूंच्या दुकानात कामाला आहे. दुकानाच्या मालकानं तिच्यावर एक काम टाकलं होतं. चित्राचे पत्ते विकायला ठेवायचे, कोणते ते तू ठरव. टॅरो म्हणतात त्याला. एका कॅटात अठ्ठ्याहत्तर पत्ते. शहरात कोणी त्यावरून भविष्य बघतात, कोणी नुसते जमवतात. ओट्यावर बसून शीतल मोबाईलवर एकेक कॅट बघत होती आणि वैनी तिच्या खांद्यावरून. मी माझ्या बाजूला बैलांची घुंगरमाळ पुसत होतो.

जमवतात म्हणजे काय करतात, असं वैनीनं विचारलं. शीतलनं सांगितलं की आजी, पत्ते सगळ्या कॅटात तेच असतात. राजा, राणी, सूर्य, मरण, उलटा टांगलेला माणूस. काहींच्या हाती तलवारी, काहींच्या हाती पेले, काहींच्या काठ्या, काहींच्या नाणी. पण दर चित्रकार ते आपल्या परीनं काढतो. तो फरक बघायचा शौक असतो लोकांना. असं सांगता सांगता तिनं बोट फिरवलं आणि वैनी म्हणाली, थांब, मागं घे.

मग तिनं मोबाईल उचलून मधल्या बुटक्या भिंतीवरून माझ्या नाकासमोर धरला. चित्रात एक माणूस दहा काठ्या छातीशी कवटाळून, त्यात तोंड खुपसून गावाकडं चाललेला.

"भावजी, ह्याला बघा. ह्याला वाट तरी दिसायलीय का? ईस पावलात तोंडावर पडंल. ज्यानं हे काढलं त्यानं जल्मात मोळी उचलली न्हाई."

शीतल म्हणाली की हाच सगळ्यात गाजलेला कॅट आहे, जमवणारे सगळे सुरुवात ह्यानंच करतात.

"करंनात. मला दुसरा दाव."

तुला घ्यायचाय का, असं शीतलनं हसत विचारलं. वैनी हसली नाही. घ्यायचा की नाही ते बघून ठरवते म्हणाली. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत तिनं पंचवीस-तीस कॅट बघितले. प्रत्येकातला तोच एक पत्ता, दहा काठ्यांचा. एकात माणूसच नव्हता, नुसत्या काठ्या काढलेल्या. त्यावर तिनं विचारलं, काठ्या काय आपल्या पायानं जातात व्हय? एकात गोरीपान बाई होती, केसात फुलं माळून, काठ्या अशा धरलेल्या जशी काय फुलदाणीच. ही वजन घेऊन न्हाई, फोटूला उभी हाय, असं म्हणून तीही गेली. एकात काठ्यांखाली मांजर होतं. त्याला तिनं काहीच नाव ठेवलं नाही, नुसतं शीतलकडं बघितलं.

शेवटी एक निघाला. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या काळ्या बाया काढल्या होत्या. दहा काठ्यांची मोळी डोक्यावर, एक हात वर, एक सैल सोडलेला. वैनीनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला. पदरानं काच पुसली.

"चुंबळ न्हाई," ती म्हणाली. "पर मान बराबर हाय. हा आण."

असा तिचा पहिला कॅट आला, पोस्टातनं. पाकीट फोडायला तिनं पूजाला हात लावू दिला नाही. धुतलेली गोणी अंथरली, हात धुऊन पदराला पुसले आणि अठ्ठ्याहत्तर पत्ते ओळीनं मांडले. ती ते पिसायची नाही. मांडायची, बघायची, त्याच क्रमानं उचलायची. सोबत अर्थ सांगणारं छोटं पुस्तक होतं, ते तिनं न उघडताच पूजाला देऊन टाकलं. तिला वाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. म्हणायची, नाव वाचलं की चित्राकडं बघणं ऱ्हातं. तिनं आपल्याच नावांनी टोळ्या पाडल्या. काठ्यावाली टोळी आपली, तोडणीवाली. पेलेवाली टोळी बाजारच्या दिवशी पिऊन पडते, सापडत नाही ती. नाण्याची टोळी बंगल्यावरची. तलवारीवाले ते समदे साहेब, हातात धरायला काहीतरी पाहिजे म्हणून धरलेलं. मला तिनं कोणत्या टोळीत घातलं होतं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या कॅटाची निवड तर मी डोळ्यानं बघितली. शिवरात्रीच्या आसपास शीतलनं मोबाईलवर एक चित्र धाडलं. डोंगरातला म्हातारा, मोळी पाठीवर, आणि मोळीचा दोर कपाळावरून घेतलेला. वैनी बुचकळ्यात पडली. असं उचलता येतं का? मी म्हणालो, येत नाही, दोर डोळ्यावर घसरेल. ती म्हणाली, काढणाऱ्यानं सुरकुत्या तर बराबर काढल्यात, त्यानं बघितल्याशिवाय काढलं नसावं. दोन दिवस आमचा हाच वाद. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाई कडब्याच्या पेंढ्या पाठीवर, दोर कपाळाला, वाकून अंगणातून गोठ्याकडं चाललेली. गुडघे धड नाहीत, वय सत्तरीचं. गोठ्यापर्यंत जाऊन आली, पेंढ्या टाकल्या, कपाळावर दोराचा वळ उठलेला.

"जमतं," म्हणाली. "मान दुखती, पर जमतं. त्या शीतलीला सांगा, हा बी पाठव."

मी तेव्हा तिला खुळी म्हणालो होतो. आता म्हणणार नाही. मी तीस साल बैल हाकले, आणि बैल घेतानासुद्धा मी एवढी खात्री करून घेतली नाही.

आता करणीचं. निवृत्ती नावाचा आमच्या गल्लीतला शेळ्यावाला आहे. शिमग्याच्या आधी त्याची एक गाभण शेळी हरवली. कोणी तरी त्याला सांगितलं की गयाबाईकडं भविष्याचे पत्ते आलेत. तो येऊन बसला. वैनीनं दहादा सांगितलं की बाबा, हे बघायचे पत्ते आहेत, सांगायचे नाहीत. तो ऐकेना. शेवटी तिनं वैतागून दोन पत्ते त्याच्यापुढं टाकले आणि म्हणाली, "बघ, हाय का ह्यात तुझी शेळी? न्हाई ना? मंग जा, वढ्याकडं बघ."

शेळी ओढ्यातच सापडली, दोन करडांसकट. झालं. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात सात माणसं. कोणाची सोन्याची पोत, कोणाचा नवरा. वैनी खराटा घेऊन उठली. म्हणाली, उन्हाच्या टायमाला शेळी पाण्याकडंच जाती, त्याला पत्ता कशाला लागतो, अक्कल लागती. लोक गेले खरे, पण जाताना ठरवूनच गेले. ज्याचं सांगितलं नाही तो म्हणाला, हिला समदं कळतं पण सांगत नाही. मग महिन्याभरात कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला ताप आला, आणि बोटं आमच्या भिंतीपलीकडं जायला लागली.

पाडव्याला भगवान फडावरून परत आला तो हे ऐकतच आला. वैशाखात पूजाची सोयरीक ठरली. पालमकडची माणसं, तीही तोडणीवालीच, पोरगा गाडी चालवणारा. सुपारी फुटली. आठ दिवसांनी मुलाच्या मामाचा निरोप आला. तुमच्या घरात म्हातारी करणीचे पत्ते ठेवते असं कानावर आहे. ते घरात असतील तर आमचं लग्न नाही. मुलाची आई आणि मी येऊन बघून जाऊ.

भगवान वाईट माणूस नाही. पण पोरीच्या लग्नात बापाचं डोकं ठिकाणावर नसतं. तो आईला म्हणाला, आई, उद्याच्या उद्या ते गंगेत सोडून ये. वैनी म्हणाली, घरात नको म्हणालेत ना? बरं. आणि दुपारी तिनं अंगणाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवले, आडवे बांधले, वरून उसाच्या शेंड्यांचा वाळलेला पाला, म्हणजे वाढं, टाकलं आणि कोपी उभी केली. फडावर आम्ही राहतो तशी, वाकून आत जायची. आपलं अंथरूण, पाण्याची घागर आणि दोन कॅट घेऊन ती आत जाऊन बसली. वैशाखाच्या उन्हात. स्वतःच्या पक्क्या घरासमोर.

भगवान रडायच्या घाईला आला. लोक काय म्हणतील, म्हणाला.

"म्हणायलेच की. आता कोपीबद्दल म्हणतील. तेवढाच फरक."

भावकीत मी थोरला, म्हणून भगवाननं मला गाठलं. मी आणि आणखी दोन वडीलधारी, तिघं जाऊन कोपीसमोर बसलो. एकानं गंगामाईचं सांगितलं, तिच्यात सोडलं की दोष जातो. वैनी म्हणाली, गंगंत जो तो आपली घाण सोडायलाय, तिला कधी ईचारलंय का कुणी? दुसऱ्यानं नातीच्या नशिबाचं सांगितलं. ते तिला लागलं होतं, दिसत होतं. तेवढ्यात मी बोललो, आणि जे बोललो ते आजही माझ्या डोक्यातून जात नाही. मी म्हणालो, वैनी, पोरीच्या संसारापुढं तुमचा खेळ मोठा हाय का? ह्या वयात शोभत न्हाई.

तिनं माझ्याकडं बघितलं.

"भावजी, तुमचे बैल जाऊन किती सालं झाली? अन् घुंगरमाळा रोज पुसता. मी कवा म्हणले का, शोभत न्हाई म्हणून?"

ती खालच्या आवाजात बोलायला लागली, भांडणाचा आवाज नव्हता तो.

"नवरा बापानं निवडला. चांगला निघाला, ते सोडा. फड मुकादमानं निवडला. कोपी कुठं घालायची ते बी त्यानंच. सत्तरीत आले तवा एका पोरीनं मला ईचारलं, आजी, ह्यातलं कोणतं? मी दोन निवडले. जल्मात दोन. पूजीचं लगीन मला नको हाय का? पर आज हे टाकले तर उद्या पूजीला बी सांगतील, हे टाक, ते टाक. तिचं तर अजून समदं निवडायचं हाय."

आम्ही तिघं उठलो. भगवान वाट बघत उभा होता. मी त्याला सांगितलं की मला जमलं नाही, आणि जमावं असं आता वाटतही नाही. दुसऱ्या दिवशी माझी जुनी ताडपत्री मी तिच्या कोपीवर टाकली. ऊन लागत होतं तिला. भगवान चार दिवस माझ्याशी बोलला नाही. न बोलो.

पाचव्या दिवशी पालमची माणसं आली. मुलाचा मामा, पांढरे कपडे, आणि मुलाची आई प्रयागबाई. हडकुळी बाई, हातावर उसाच्या पातीनं कापल्याचे पांढरे ओरखडे, जे आमच्या सगळ्या बायांच्या हातावर असतात. अंगणात पाय ठेवल्याबरोबर दोघांना कोपी दिसली. भगवान काहीतरी सांगायला लागला, म्हातारीला घरात उकडतं वगैरे. मामा नाकाला रुमाल लावून ओट्यावर बसला. प्रयागबाई सरळ कोपीकडं गेली, वाकली आणि आत जाऊन उकिडवी बसली. पूजा दारात, मी ताडपत्रीचा दोर आवळायच्या निमित्तानं बाहेर.

"दावा म्हणं ते पत्ते," ती म्हणाली.

वैनीनं गोणी अंथरून मांडले. प्रयागबाई एकेक बघत गेली. हाडाचा सांगाडा घोड्यावर बसलेला, त्यापाशी थांबली.

"ह्यो कोण?"

"मरण."

"घोड्यावर येतं व्हय? आमच्याकडं तर चालत आलतं."

मग वैनीनं आपले दोन्ही मोळीवाले पुढं केले आणि निवड कशी केली ते सांगितलं. प्रयागबाईला कपाळावरच्या दोराचं नवल वाटलं. तिनं हातानं कपाळ दाबून बघितलं. वैनीला चेव आला. तिनं पूजाला तो पहिला, नाकारलेला पत्ता मोबाईलवर काढायला लावला. बघा, ही शहाणी माणसं, समदे ह्यानं सुरुवात करतात, अन् ह्याला मोळी बी उचलता येत न्हाई.

प्रयागबाईनं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"ईहीणबाई, ह्यो चुकला न्हाई," ती म्हणाली. "ह्यो नवा हाय. पयल्या सालचं माणूस अस्संच उचलतं. म्या उचलली व्हती, छातीला धरून. मुकादमाच्या बायकूनं एक चापट दिली अन् मोळी डोक्यावर ठिवली."

मी वैनीला पन्नासहून जास्त साल ओळखत होतो. चूक कबूल करताना मी तिला एकदाही बघितलं नव्हतं. तिनं मोबाईल मागून घेतला. काठ्यांत तोंड खुपसलेल्या त्या माणसाकडं बघत राहिली.

"व्हय," म्हणाली. "म्या बी. चौदाची होते. वाट दिसत नव्हती."

प्रयागबाई बाहेर आली आणि भावाला म्हणाली, लगीन ठरल्या तारखंला. भाऊ म्हणाला, अन् पत्ते? ती म्हणाली, पत्त्यात माणसंच हायत, करणी काय न्हाई. अन् म्हातारीला घरात घ्या, उन्हाळा हाय. मामाला ते पटलं नाही. लग्नात तो आला पण जेवला नाही. त्यानं काही बिघडलं नाही, पंगत उठलीच.

वैनी मात्र लग्न होईपर्यंत कोपीतून हलली नाही. मी निवडून आत आले, निवडून बाहेर जाईन म्हणाली. लग्नाच्या दिवशी मांडवात जेवढ्या बाया होत्या त्यातल्या निम्म्या त्या कोपीसमोर. सगळ्या तोडणीच्या. पत्ते हातोहात फिरत होते आणि वाद चालला होता, मोळी डोक्यावर मधोमध घ्यावी का जरा मागं. भटजी दोनदा मंगलाष्टकाला बोलवायला आले.

लग्नानंतर तिनं कोपी मोडली आणि शीतलला फोन लावायला सांगितला. तिसरा कॅट तोच घ्यायचा, सगळे सुरुवातीला घेतात तो. शीतल म्हणाली, पाठवते. वैनी म्हणाली, नको. लहानशा काचेत बघून मी माणसाला खुळा ठरवून बसले. आता हातात घेऊन बघणार, तुझ्या दुकानात येऊन. भगवान म्हणाला, मी घेऊन जातो, पेरणीनंतर. ती थांबली नाही.

शीतल नंतर सांगत होती. पुण्यात आजी तीन दिवस दुकानात येऊन बसली. खुर्ची नको म्हणाली, खाली फरशीवर बसली. उघडता येतील तेवढे कॅट उघडून बघितले आणि तीन घेतले, त्यातला पहिला तोच गाजलेला, आणि मग तिथंच राहिली. श्रावणात शीतलच्याच खोलीवर दुपारची पडली ती उठली नाही. पाचही कॅट शीतलकडं आहेत. आमच्या गल्लीतल्या एकानं मला विचारलं की बाईच्या मागं ते पत्ते परत गावात आणणार का. मी म्हणालो, तुझ्या घरात कोण आणतंय, तुझी तेवढी लायकी आहे का.

मी तिला शेवटचं बघितलं ते गंगाखेडच्या स्टँडवर. ज्येष्ठातली सकाळ. भगवान रुसून शेतात गेला होता, म्हणून मी सोबत गेलो. आजवर ती गाव सोडून गेली ती ट्रकात, पोत्यांवर बसून, मुकादम नेईल तिकडं. त्या दिवशी लग्नातलं नवं लुगडं, हातात कापडी पिशवी, तीत दोन्ही कॅट, पुण्याची गाडी. चढताना मी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही, दांडा धरला. कंडक्टरनं विचारलं, आजी, सोबत कोण हाय?

"कुणी न्हाई. मीच हाय."

खिडकीशी बसली. मी खालून सांगितलं की वैनी, एकच घ्या आणि लवकर या. ती म्हणाली, किती घ्यायचे ते तिथं बघीन. खिडकीची काच अडकली होती, आत उकडत असणार. ती ढकलायला लागली. राहू द्या, कंडक्टर करील, असं मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही. गाडी हलली तेव्हा ती अर्धी उठून, दोन्ही हातांनी ती काच मागं सारत होती. गाडी नाक्यावरून वळली तोवर मी उभा होतो. काच उघडली होती.